पोट तिचं, परवानगी चौघांची

गर्भपाताचा विषय निघाला की पुण्यात दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिलं अभिमानाचं: 'अमेरिका मागे गेली, आपल्याकडे मात्र १९७१ पासून कायदा आहे.' २४ जून २०२२ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा रो विरुद्ध वेड हा १९७३चा निकाल रद्द केला, तेव्हापासून हे वाक्य व्याख्यानांत, सदरांत आणि कट्ट्यांवर फिरतंय. दुसरं धास्तीचं: 'बायकांचे हक्क म्हणता म्हणता पुन्हा मुली पोटातच मारल्या जातील, बीड विसरलात का?' ही वाक्यं बोलणारे एकमेकांशी हिरीरीनं भांडतात, पण दोघांच्या बुडाशी समजूत एकच आहे. गर्भपात कायद्याला चालतो की चालत नाही, एवढाच काय तो प्रश्न. अमेरिकेत तो तसा असेलही. आशियातल्या बायकांच्या वाट्याला आलेला प्रश्न निराळा आहे. मूल होऊ द्यायचं की नाही, किती, कधी, आणि झाल्यावर नसबंदी करायची की नाही, हे ठरताना सही कोणाची लागते?

माझं म्हणणं असं आहे. आपला कायदा उदार भासतो, पण तो बाईला हक्क देत नाही, इतरांना परवानगी द्यायचा अधिकार देतो. आणि परवानगी देणारं हे सरकार तेच, ज्यानं कधी काळी सक्तीनं नसबंद्या केल्या. म्हणून प्रजनन हक्कांसाठीची न्यायालयीन लढाई गरजेची आहेच, पण एकेका बाईसाठी एकेक परवानगी मिळवत राहणं हे तिचं यश मानायचं कारण नाही. लढाई त्या सह्याच कमी करण्यासाठी हवी.

१९७१चा कायदा आला कसा, ते आधी पाहू. १८६०च्या दंडसंहितेनं गर्भपात गुन्हा ठरवला. कलम ३१२नुसार स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा गुन्हेगार. १९६४मध्ये केंद्र सरकारनं महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९६६मध्ये तिचा अहवाल आला. लपूनछपून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरत होत्या, हे कायद्यामागचं खरं आणि आदर वाटावा असं कारण. दुसरं कारण लोकसंख्येचं. मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी विवाहित जोडप्यानं वापरलेलं साधन फसलं तर गर्भपात करता येईल, अशी तरतूद थेट कायद्यातच होती. १ एप्रिल १९७२पासून कायदा लागू झाला. त्याचं मुख्य वाक्य मुद्दाम वाचण्यासारखं आहे. नोंदणीकृत डॉक्टरनं अमुक अटी पाळून गर्भपात केला तर तो डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही, असं ते सांगतं. संरक्षण डॉक्टरला दिलंय. ते जरूर द्यावं, पण बाई या वाक्यात कुठे आहे? गुन्हा जिथल्या तिथे आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचा फक्त क्रमांक बदलला, ३१२चं ८८ झालं.

२०२१च्या दुरुस्तीनं मुदत वाढली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीस आठवड्यांत काही ठरावीक गटांतल्या बायकांसाठी दोन डॉक्टरांचं, आणि चोवीस आठवड्यांनंतर, बाईचा जीव वाचवण्याची वेळ सोडली तर, फक्त गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाचं. 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' या शब्दांच्या जागी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आला. ही सुधारणाच, तिला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण अगदी पाचव्या आठवड्यातही 'मला हे मूल नको आहे' हे कारण आपल्या कायद्याला आजही पुरत नाही. गर्भ ठेवल्यास तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल, असं मत डॉक्टरनं बनवावं लागतं. भला डॉक्टर ते दोन मिनिटांत बनवतो, म्हणून आपल्याला कायदा उदार वाटतो. भला नसेल तर? नेपाळनं २००२मध्येच बारा आठवड्यांपर्यंत बाईच्या स्वतःच्या इच्छेवर गर्भपाताला मान्यता दिली. 'आपण पुढे आहोत' म्हणताना तुलना कायम अमेरिकेशीच का होते, काठमांडूशी का नाही?

या रचनेचा परिणाम एका अंदाजात दिसतो. २०१५ या वर्षी भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असावेत आणि त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले, असं लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं. म्हणजे वर्षाला कोटभर वेळा कायद्याच्या चौकटीबाहेर काहीतरी घडतंय आणि कोणी कोणाला पकडत नाही. याला काहीजण व्यवहारी शहाणपण म्हणतील. मला त्यात एक टांगती तलवार दिसते. नवऱ्याशी बिनसलं, सासरच्यांनी तक्रार केली, गुंतागुंत होऊन सरकारी रुग्णालयात जावं लागलं, की ती कुणावर पडेल याचा नेम नाही.

पुणे जिल्ह्यातच बघा. जुन्नरच्या किंवा भोरच्या एखाद्या अल्पवयीन मुलीची गर्भधारणा सव्वीसाव्या आठवड्यात लक्षात आली, तर घरच्यांची वाट पोलीस चौकीतून पुण्याला, ससून रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळापुढे आणि तिथून मुंबईला उच्च न्यायालयात जाते. पुण्यात खंडपीठ नाही, ही रड जुनीच. ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, पण त्यात सहा जिल्हे आले, पुणे त्यांत नाही. मंडळानं तीन दिवसांत मत द्यावं असं नियम सांगतात. चौकीपासून न्यायदालनापर्यंतच्या प्रवासाला मात्र कोणत्या नियमात मुदत आहे? आणि यातला प्रत्येक दिवस तिच्याच विरुद्ध मोजला जातो, कारण शेवटी निकालात लिहिलं जातं की आता फार उशीर झाला.

दुसरीकडे कायद्यात नसलेल्या सह्या. अठरा वर्षांवरच्या बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, आईबापांची नाही. तरी स्पर्धा परीक्षेसाठी पेठांमध्ये खोली करून राहणाऱ्या मुलीला 'घरच्यांना घेऊन ये' आणि लग्न झालेल्या बाईला 'मिस्टरांची सही आणा' हे ऐकावं लागतं. सगळे डॉक्टर वाईट आहेत म्हणून नव्हे. ज्या कामावर फौजदारी कलमाची सावली आहे ते करताना माणूस एकाऐवजी चार कागद गोळा करतोच. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९नं त्या भीतीत भर घातली. सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीनं संबंध ठेवून गरोदर राहिली तरी डॉक्टरला पोलिसांना कळवणं भाग. २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या सगळ्याची दखल घेतली. अविवाहित बायकांनाही चोवीस आठवड्यांची मुदत लागू आहे, गर्भपाताच्या कायद्यापुरता नवऱ्यानं केलेला बलात्कारही बलात्कारच, अल्पवयीन मुलीनं विनंती केल्यास डॉक्टरनं तिचं नाव उघड करायची गरज नाही, आणि डॉक्टरांनी कायद्याबाहेरच्या अटी घालू नयेत, असं न्यायालयानं सांगितलं. इतका स्पष्ट निकाल. तो शिकाऊ डॉक्टरपर्यंत, परिचारिकेपर्यंत आणि केसपेपर काढणाऱ्या खिडकीपर्यंत पोचवायची जबाबदारी मात्र कोणीच घेतलेली दिसत नाही.

आता सरकारची दुसरी बाजू. अमेरिकेतल्या 'जीवन विरुद्ध निवड' या भांडणात ती येतच नाही, म्हणून ते भांडण जसंच्या तसं इकडे आणणारे मला खटकतात, मग ते कुठल्याही बाजूचे असोत. आशियात सरकारनं गर्भ पाडायला मनाई केली, तसं मूल होऊ न देण्याची सक्तीही केली, आणि बऱ्याचदा एकाच पिढीत दोन्ही. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. तीन मुलांनंतर सक्तीनं नसबंदी करायचं विधेयक १९७६मध्ये मंजूर करणारी विधानसभा महाराष्ट्राची होती. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. तेव्हा बहुतेक नसबंद्या पुरुषांच्या होत्या. पुरुष चिडले, १९७७ला सरकार पडलं, आणि पुढच्या सगळ्या सरकारांनी धडा घेतला तो असा की पुरुषांच्या वाटेला जायचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात स्त्री नसबंदीचं प्रमाण ४९.१ टक्के आहे, पुरुष नसबंदीचं ०.४.

या ४९.१ टक्क्यांतल्या अनेकींनी ते मनापासून ठरवलं असेल, नाही असं नाही. पण शिबिरांची कहाणी न्यायालयाच्या दप्तरी आहे. ७ जानेवारी २०१२ला बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत, रात्री, एका सर्जननं ५३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. त्यावर देविका विश्वास यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती चालू असतानाच नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरच्या शिबिरांत १३ बायका गेल्या. सप्टेंबर २०१६मध्ये न्यायालयानं तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा असं सांगितलं. जपानमध्ये १९४८ ते १९९६ सुजननाच्या, म्हणजे अपंग आणि 'सदोष' ठरवलेल्यांना मूल होऊ न देण्याच्या, कायद्याखाली सुमारे २५ हजार माणसांची नसबंदी झाली, त्यांतली बहुसंख्य संमतीशिवाय. तो कायदा घटनाबाह्य होता, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हणायला ३ जुलै २०२४ उजाडला. चीननं १९८०पासून एकच मूल म्हटलं, २०२१मध्ये तीन होऊ द्या म्हटलं. ज्या सरकारला बाईचं पोट हे नियोजनाचं खातं वाटतं, ते गर्भपाताची सोय देतानाही हक्क म्हणून देत नसतं.

हे मान्य केलं तरी समोरच्यांचे काही मुद्दे उरतात, आणि ते हलके नाहीत. सगळ्यांत जड मुद्दा लिंगनिवडीचा. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. बीड जिल्ह्यातल्या परळीत एका दवाखान्यात मुलींचे गर्भ कसे पाडले गेले आणि २०१७मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळमध्ये पिशव्यांमधून पाडलेले गर्भ कसे सापडले, हे आठवणाऱ्या माणसाला गर्भपाताच्या हक्काची भाषा ऐकून कापरं भरलं तर त्याला मागास म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. आपल्या चळवळीतल्या काहींनी तो केला आहे. शिवाय 'तिची निवड' म्हणताना ती निवड सासूच्या, नवऱ्याच्या आणि शेजारपाजाऱ्यांच्या दबावाखाली झाली असेल तर काय, हा प्रश्न रास्तच आहे.

पण याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच स्त्री चळवळीनं फार पूर्वी देऊन ठेवलंय. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८मध्ये महाराष्ट्रानं केला, केंद्राचा १९९४मध्ये आला. तो कागदावरच राहिला तेव्हा २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत मुंबईची सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था होत्या, सोबत लिंगनिवडीविरुद्ध काम करणारे डॉ. साबू जॉर्ज. पुरंदर तालुक्यात बायकांच्या आरोग्याचं काम करणारी मासूम एकीकडे सुरक्षित गर्भपाताच्या बाजूनं बोलते आणि दुसरीकडे लिंगनिवडीविरुद्ध याचिका करते, यात विसंगती शोधणाऱ्यांना मुद्दा कळलेला नाही. त्या कायद्यानं गुन्हा ठरवला तो तपासणीचा. गर्भ मुलीचा आहे हे कळूच दिलं नाही, तर कोणत्या बाईनं का गर्भपात केला, हे तिला आरोपीसारखं विचारायची वेळच येत नाही. याउलट परळीनंतर प्रशासनानं मोर्चा गोळ्यांकडे वळवला. अनेक औषधविक्रेत्यांनी कटकट नको म्हणून गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. त्या गोळ्या साधारण नवव्या आठवड्यापर्यंत वापरायच्या. सोनोग्राफीत लिंग दिसतं ते त्यानंतर कित्येक आठवड्यांनी. मग या धडाक्यातून लिंगनिवड थांबली की लवकरचा, सुरक्षित गर्भपात तेवढा अवघड झाला?

आणि ज्यांना वाटतं की गर्भपात कडक केला की मुली वाचतील, त्यांनी दक्षिण कोरियाकडे पाहावं. तिथे १९५३पासून, मोजके अपवाद वगळता, गर्भपात गुन्हा होता. १९८७मध्ये गर्भलिंग सांगायलाही बंदी आली. तरी १९९०मध्ये दर शंभर मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते. सरकारला जन्मदर खाली आणायचा होता तोवर दंडविधान कपाटात पडून होतं. पुढे हे प्रमाण उतरत उतरत २००७च्या सुमारास १०६वर, म्हणजे नैसर्गिक पातळीवर आलं. शहरीकरण, शिक्षण, पेन्शन अशी कारणं होतीच, पण कायद्यातलेही दोन बदल मोलाचे. १९९१पासून मुलींना वारशात समान हिस्सा मिळाला, आणि घराचा कर्ता पुरुषच असला पाहिजे ही 'होजू' पद्धत घटना न्यायालयानं २००५मध्ये अमान्य केली, २००८पासून ती संपली. मुलगाच हवा ही गरज जिथून उगवते तिथे हात घातला गेला. मग ११ एप्रिल २०१९ला त्याच न्यायालयानं गर्भपाताचं कलमही घटनाबाह्य ठरवलं, संसदेनं मुदतीत नवा कायदा केला नाही, आणि १ जानेवारी २०२१पासून ते कलम गळून पडलं. बीडच्या मुलींची काळजी असेल तर वाटणीपत्रात बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायची आपली सवय आधी तपासावी लागेल. त्यावर कोणी मोर्चा काढत नाही.

दुसरा मुद्दा उशिराच्या गर्भपाताचा, आणि इथे मीही डळमळतो. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दोन मुलांच्या आईची याचिका होती. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर तिचे उपचार सुरू होते, अंगावर दूध पाजत असल्यानं गर्भ राहिल्याचं उशिरा कळलं, सव्वीसावा आठवडा. गर्भ जगू शकेल असा अहवाल आला. एका न्यायमूर्तींनी नकार दिला, दुसऱ्यांनी परवानगी. शेवटी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं नकार दिला. त्या निकालावर तुटून पडलेल्यांपैकी किती जणांनी त्या खुर्चीत बसून काय केलं असतं हे स्वतःला विचारलं? जगू शकणाऱ्या गर्भाबद्दल अस्वस्थ वाटणं हे काही धर्मांधतेचं लक्षण नाही. प्रश्न मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. बहुसंख्य गर्भपात पहिल्या बारा आठवड्यांत होतात. सव्वीसाव्या आठवड्यापर्यंत पोचतात त्या मुख्यतः अल्पवयीन, आजारी, फसवल्या गेलेल्या, गावाला दवाखाना नसलेल्या आणि ज्यांच्या गर्भातलं व्यंग अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीतच पहिल्यांदा दिसतं अशा. सुरुवातीच्या आठवड्यांत चार सह्या मागणारी व्यवस्था शेवटच्या आठवड्यांतलं नैतिक कोडं स्वतःच तयार करते, आणि मग ते कोडं दाखवून सुरुवातीच्या सह्यांचं समर्थन केलं जातं.

शिवाय चोवीस आठवड्यांनंतर कायदा कोणाला वाट देतो? गर्भात व्यंग असेल तर. बलात्कारातून गर्भ राहिलेल्या मुलीला नाही. तिला रिट याचिकाच करावी लागते. अपंगांच्या चळवळीनं यावर बोट ठेवलं आहे आणि त्यांचं म्हणणं मला निरुत्तर करणारं वाटतं. आईची परिस्थिती कारण म्हणून चालत नाही, पण होणारं मूल अपंग असणं चालतं, मग हा कायदा नेमकी कोणाच्या जगण्याची किंमत करतोय? यात जपानच्या त्या जुन्या कायद्याचा वास येतो. कारणांची यादी करून परवानगी द्यायची म्हटलं की ठरवणारा स्वतःचे पूर्वग्रह यादीत घालणारच.

तिसरा मुद्दा न्यायालयांबद्दलचा. न्यायाधीश निवडून आलेले नसतात, एका दालनात होकार आणि शेजारच्या दालनात नकार मिळतो, मग या वाटेला जायचंच कशाला? १९७१चा कायदा तर कोर्टाची पायरीही न चढता झाला. यातलं बरंचसं खरं आहे. मनिलाचं उदाहरण घ्या. २०००मध्ये तिथल्या महापौरांनी आदेश काढला आणि शहराच्या दवाखान्यांतून गर्भनिरोधकं नाहीशी झाली. गरीब वस्त्यांतली वीस माणसं २००८मध्ये न्यायालयात गेली आणि त्यांची याचिका तांत्रिक कारणावर फेटाळली गेली. पण म्हणून ती वाया गेली का? तोच प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक समितीपर्यंत गेला. २०१२मध्ये फिलिपिन्सच्या संसदेनं चर्चचा कडवा विरोध असताना प्रजनन आरोग्याचा कायदा केला आणि २०१४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यातला मोठा भाग टिकवला. आपल्याकडे २००८मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका जोडप्याला, गर्भाच्या हृदयात दोष असूनही, वीस आठवड्यांची मुदत उलटली म्हणून नकार दिला. देशभर त्यावर बोललं गेलं, २०२१च्या दुरुस्तीची मुळं तिथवर जातात. हरलेल्या याचिकासुद्धा सरकारला लेखी उत्तर द्यायला लावतात. रस्त्यावरच्या घोषणेला ते जमत नाही.

जिंकलेली याचिका कशी असावी ते नेपाळनं दाखवलं. २००२पूर्वी तिथे गर्भपाताला पूर्ण बंदी होती. तुरुंगातल्या बायकांपैकी सुमारे एक पंचमांश गर्भपाताच्या किंवा अर्भकहत्येच्या आरोपाखाली होत्या. कायदा बदलला. मग सुदूर पश्चिमेच्या डडेल्धुरा जिल्ह्यात लक्ष्मी धिकता नावाची गरीब बाई, पाच मुलांनंतर सहाव्यांदा गरोदर, सरकारी रुग्णालयात गेली. फी होती ११३० नेपाळी रुपये. तेवढे नव्हते, मूल जन्माला घालावं लागलं. तिच्या वतीनं वकील न्यायालयात गेले आणि २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की पैशाअभावी जो हक्क वापरताच येत नाही तो दिलेलाच नाही. सरकारनं निधी ठेवावा, सर्वंकष कायदा करावा, असा आदेश दिला. सरकारी दवाखान्यांत सेवा मोफत झाली, २०१५च्या संविधानात प्रजनन आरोग्याचा हक्क आला, २०१८मध्ये स्वतंत्र कायदा. लक्ष्मीला स्वतःला त्याचा काही उपयोग नव्हता, तिचं मूल तोवर झालंच होतं. न्यायालयाकडे मागितली होती ती पुढच्या सगळ्यांसाठीची व्यवस्था. आपल्याकडच्या बहुतेक याचिका याच्या उलट असतात. एका बाईला मंगळवारपर्यंत आदेश, आणि बुधवारी दुसरी बाई त्याच दारात.

'हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ' म्हणणाऱ्यांशी खरं तर फार वेळ घालवू नये, पण पुण्यात बसून हे म्हणावं याचं मात्र नवल वाटतं. १८६३मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी गंज पेठेतल्या स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्यामागे काशीबाई या विधवेची हकिगत सांगितली जाते. फसवणुकीतून राहिलेलं मूल तिनं मारलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुल्यांनी उपदेश केला नाही. इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा, तुमच्या मर्जीवर, असं जाहीर केलं. १८८१मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येसाठी फाशी सुनावली गेली, पुढे ती कमी होऊन काळं पाणी झालं. त्यावर पेटून उठून ताराबाई शिंदे यांनी लिहिलेला निबंध १८८२मध्ये छापला गेला तो पुण्यातच. र. धों. कर्वे यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४मध्ये त्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर, आणि हरले. १९३८मध्ये आंबेडकरांच्याच पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला. यांतलं काय आयात केलेलं आहे? आयात केलेली चीज एकच, १८६०ची दंडसंहिता, जिची भावंडं श्रीलंकेपासून सिंगापूर-मलेशियापर्यंत पसरली. श्रीलंकेत १८८३पासून आजतागायत केवळ बाईचा जीव वाचवण्यापुरताच गर्भपात चालतो. लंडननं स्वतःचा कायदा १९६७मध्ये बदलला. संस्कृती म्हणून आपण जपतोय ते कुणाचं आहे?

तरी सरकारवर अविश्वास दाखवणारा एक सूर मला आपला वाटतो, कारण तोही इथलाच आहे. १८९१च्या संमतिवयाच्या वादात टिळकांनी परक्या सरकारनं घरात शिरू नये असं म्हटलं. मुलीच्या संमतीचं वय दहाचं बारा करायला विरोध करणं चुकीचंच होतं, ज्या मुलींच्या जिवावर बेतत होतं त्या त्यांच्या मांडणीत नव्हत्याच. पण सरकारनं कुठवर शिरावं हा प्रश्न चुकीचा नव्हता. तो आज दोन अपत्यांच्या अटीला विचारावा. महाराष्ट्रात तिसरं मूल झालं की ग्रामपंचायतीची सदस्यही राहता येत नाही. हरियाणाच्या अशाच नियमाला सर्वोच्च न्यायालयानं २००३मध्ये मान्यता दिली. राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईचं पद जातं ते तिसऱ्या मुलामुळे, आणि ते मूल हवं होतं की नाही हे कधी तिला विचारलेलंच नसतं. राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातच १.७वर आला होता. आंध्रनं २०२४मध्ये ही अट काढून टाकली, आणि कारण दिलं ते लोकसंख्या कमी पडण्याचं. तिथल्या मुख्यमंत्र्यांनी जास्त मुलं होऊ द्या असं आवाहनही केलं. काल दोनच, उद्या तीन हवीत. मराठी वर्तमानपत्रांतल्या 'निवडीच्या स्वातंत्र्या'वरच्या लेखांत या अटीचा उल्लेख मला क्वचितच दिसतो. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचाही नाही; बीडमध्ये झालेल्या सरकारी पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं.

म्हणून न्यायालयात मागायच्या गोष्टी मला अशा दिसतात. बाईवरचा फौजदारी गुन्हा रद्द व्हावा. पहिल्या बारा आठवड्यांत तिचं स्वतःचं म्हणणं पुरेसं असावं. थायलंडनं हे २०२१मध्ये केलं. लिंगतपासणीची बंदी जशीच्या तशी राहावी, पण तिचं निमित्त करून गोळ्यांची दुकानदारी चोरटी करू नये. दोन अपत्यांची अट आणि नसबंदीची उद्दिष्टं हा याच याचिकेचा भाग असावा, वेगळ्या खात्याचा नव्हे. आणि याची तयारी दिल्लीहून व्हायची वाट पाहायचं कारण नाही. पुण्यात कायद्याची जुनी महाविद्यालयं आहेत, आरोग्य हक्कांवर काम केलेल्या संस्था आहेत. माहितीच्या अधिकारात साधे प्रश्न विचारता येतील. जिल्ह्यातल्या किती ग्रामीण रुग्णालयांत गर्भपाताची सोय खरोखर चालू आहे, मंडळाकडे वर्षाला किती अर्ज आले, किती तीन दिवसांत निकाली निघाले, चोवीस आठवड्यांच्या आतल्या किती जणींना गरज नसताना न्यायालयात पाठवलं, किती केसपेपरवर नवऱ्याची सही घेतली. ती उत्तरं जोडून मुंबईला जी याचिका जाईल तिच्यात कोणा गरोदर बाईचं नाव, आद्याक्षर किंवा आठवडे लिहायची गरज पडणार नाही, आणि न्यायमूर्तींना एका पोटाबद्दल हो-नाही न म्हणता सरकारला तारखेनिशी जाब विचारावा लागेल.